दुसरी टक

१

बारक्याच्या मोटरसायकलवर मागं जो डबा होता, त्यात माणसांची तोंडं असत. प्लास्टरची. दातांच्या दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांचे साचे गोळा करायचे, लॅबमध्ये आणून द्यायचे आणि तिथं तयार झालेल्या कवळ्या पुन्हा दवाखान्यांत पोचवायच्या, हे त्याचं काम. आधी ते दादाचं होतं, मग दोघा भावांचं झालं, आणि आता एकट्या बारक्याचं. सिग्नलला कुणी विचारलं, डब्यात काय आहे, तर दादा सांगे, "तोंडं आहेत. एकही उलटून बोलत नाही, म्हणून तर नोकरी टिकलीय."

बारक्याचं शाळेशी कधी जमलं नाही. डोक्यात आलं की करून मोकळा होणारा पोरगा, त्याला बाकावर कोण बसवून ठेवणार. दादानंच त्याला गाडी शिकवली, रस्ते शिकवले, आणि हेल्मेटच्या आत बसवायचा हेडसेट घेऊन दिला. दोघांचे सेट एकमेकांना जोडलेले होते. चालत्या गाडीवर आपापसात बोलता येई, आणि बोलायला काही नसेल तेव्हा रेडिओ.

रस्त्यावर दादा पुढं, बारक्या मागं. पुढच्यानं रस्ता सांगायचा. मागच्यानं हेल्मेटच्या हनुवटीवर, आत माइक असतो तिथं, बोटानं दोनदा वाजवायचं. कळलं, एवढाच त्याचा अर्थ. "डावीकडं खड्डा." टक टक. "वाळू आहे." टक टक. "मोकळा." टक टक. उत्तर आल्याशिवाय दादा पुढचं सांगत नसे, तेच ते म्हणत राही. बारक्याचं बोट एकदा गाडीच्या चेनमध्ये सापडलं होतं, तेव्हापासून त्याची दुसरी टक जराशी रेंगाळून पडायची. "तुझी पहिली टक गाडीनं येते, दुसरी पायी," दादा म्हणे.

दादा गेला तो टेकडीखालच्या बोगद्यात. बारक्या त्या दिवशी तापानं फणफणून घरी पडला होता. मागून येणारा टेम्पोवाला रडत रडत सगळ्यांना एकच सांगत होता. हा माणूस भर बोगद्यात, ऐन वळणावर, आपणहून थांबला. मागं वळला. हसत होता, आणि हात हलवून कुणाला तरी ये, ये म्हणत होता. मधे तर कुणीच नव्हतं. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

मग दादा थांबला कुणासाठी? रडू यायचं आणि ओसरायचं. हा प्रश्न काही ओसरत नव्हता.

२

हेल्मेट डोक्यात घातलं की बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं व्हायचं आणि आत उरायचा स्वतःचा श्वास. पूर्वी त्या जागेत दादा बोलायचा. ती शांतता बारक्याला सोसवेना. त्यात त्याच्या सेटची बॅटरी फुगली. ती बघायला म्हणून त्यानं स्क्रूड्रायव्हर घातला आणि उरलासुरला सेटही कामातून गेला. मेलेला सेट त्यानं घरच्या कपाटात टाकला.

वहिनीनं न मागता दादाचा सेट काढून दिला. दादाचं हेल्मेट फुटलं होतं, सेटवर मात्र ओरखडा नव्हता. "घ्या भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या कानात तरी वाजू दे."

वाजायला वाजला, पण काय वाजला. कुणी कानात पत्रा घासतंय असा आवाज, त्यात मधूनच गाण्याचा एखादा तुकडा, पुन्हा पत्रा. गाडीचा वेग वाढवला की त्यात इंजिनाची किरकिर मिसळायची.

दादा गेल्यापासून बारक्या बोगदा टाळून टेकडीला वळसा घालून जायचा. त्या दुपारी उशीर झाला होता, मागच्या डब्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी होती, आणि त्यांना फोटो काढायला जायचं होतं म्हणे. बारक्यानं गाडी सरळ बोगद्यात घातली. दात आवळून.

आत निम्म्या ट्यूब बंद. भिंतींना ओल. मधोमध वळण, आणि वळणावर समोरची वाहनं दिसावीत म्हणून भिंतीला लावलेला फुगीर आरसा. बोगद्यात रेडिओ मरतो, हे त्याला ठाऊक होतं. निवेदिकेचा आवाज तुटत तुटत गेलाही. आणि मग, वळणाच्या अलीकडं, खरखर एकदम थांबली.

कानात काहीतरी स्वच्छ वाजायला लागलं होतं. पण ते गाणं नव्हतं.

३

रेडिओवाल्या काकांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि पोट उघडून ठेवलेले रेडिओ. काकांनी सेट हातात घेऊन भिंगातून पाहिला, आणि बारक्याला विचारलं, की अँटेनाची तार अशी तंबाखूच्या पुडीसारखी कुणी गुंडाळून ठेवली. बारक्या म्हणाला, बसवताना जागा नव्हती, म्हणून कोंबली.

"कोंबली," काका म्हणाले. "तुला कोंबून ठेवलं तर तुला ऐकू येईल का?"

मग त्यांनी समजावलं. तार मोकळी पाहिजे, लांब पाहिजे, बॅटरीपासून दूर पाहिजे. हेल्मेटच्या कडेनं, स्पंजच्या आतून फिरव. इंजिनाची किरकिर येते ती ठिणगीची, प्लगचं टोपण बदल, जाईल. आणि बारक्यानं बोगद्याचं विचारलं तेव्हा ते हसले. डोंगराच्या पोटात लाटा कशा शिरतील? तिथं सगळं गप्पच व्हायला पाहिजे.

"पण काका, हा बोगद्यातच वाजतो."

"मग दोन सेटमधलं बोलणं असेल ते."

"जोडीचा सेट मेलाय. घरी कपाटात आहे."

काकांनी दिवा जरा जवळ ओढला. सेट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या सेटशी चुकून जुळला असेल. पण त्याची पोच या गल्लीच्या टोकापर्यंत. म्हणजे बोलणारा तुझ्या अगदी पुढ्यातच असला पाहिजे.

पुढ्यात तर कुणी नव्हतं. ते मनात ठेवून बारक्यानं तार कशी फिरवायची, एवढं नीट विचारून घेतलं.

४

त्या आठवड्यात त्याचा जेवणाचा डबा लॅबच्या जिन्यात तसाच राहू लागला. जेवणाच्या सुट्टीत तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसे, स्पंज काढी, तार फिरवी, पुन्हा बसवी आणि बोगद्यात एक फेरी मारून येई. एवढं मन लावून त्यानं शाळेत काही केलं असतं, तर आज डॉक्टरच झाला असता, असं लॅबची मॅडम म्हणाली.

तार कडेनं फिरवली, तेव्हा वारा ऐकू आला. रस्त्यावरचा नव्हे. हेल्मेटच्या काचेवरून सरकणारा वारा, जो फक्त हेल्मेट घालणाऱ्यालाच ऐकू येतो.

प्लगचं टोपण बदललं, तेव्हा इंजिन ऐकू आलं. बारक्याला वाटलं, आपलंच. माइकमधून फिरून आपल्याच कानात येतंय. त्यानं कडेला गाडी लावली, चावी फिरवली. गाडी बंद झाली. कानातली चालू राहिली.

तार थोडी वाढवली, तेव्हा श्वास आला. हाही आपलाच असणार. बारक्यानं भिंतीला टेकून श्वास रोखून धरला. छाती फुटायची वेळ आली, कानशिलं ठणकली. कानातला माणूस सावकाश श्वास घेत होता, सोडत होता. मग त्यानं जीभ टाळ्याला लावून बारीक आवाज काढला. च्यक्. गिअर बदलताना.

दादा प्रत्येक गिअरला तसं करायचा. बारक्या त्यावरून त्याला चिडवायचा, की गाडीला वाटतं, आपण बैल आहोत.

बारक्या तिथंच खाली बसला. पाय गेले म्हणून नाही. खाली बसल्यावर जास्त स्पष्ट येतं का, ते बघायला. आणि मग हसायला लागला, आणि हसता हसता काचेच्या आत सगळं ओलं झालं.

५

घरी त्यानं काही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? आई दिवसभर गॅलरीत बसून असे, आणि तिच्यापुढं दादाचं नाव काढलं की ती उठून आत जाई. वहिनी मात्र बघत होती. जेवताना बारक्याचं बोट ताटाच्या कडेवर वाजत होतं, ते तिनं पाहिलं.

"हे घरातपण असंच करायचे," ती म्हणाली. "आतून ओरडायचे, नळ बंद केलाय, गॅस बंद केलाय. मी इकडून भिंतीवर दोनदा हात मारायचा. नाही मारला तर तेच म्हणत बसायचे. मी मुद्दाम गप्प राहायची कधी कधी. आवाज ऐकायला बरं वाटायचं." मग भांडी उचलता उचलता म्हणाली, "अजून हात जातो भिंतीकडं."

बारक्यानं मान खाली घालून घास गिळला.

"बोगद्यातून जाता ना तुम्ही?"

बारक्यानं आणखी भात वाढून घेतला.

"लांबून या. उशीर झाला तरी चालेल. मी दार उघडं ठेवते, आमटी पुन्हा गरम करते. पण आता या घरातला आणखी एक माणूस त्या बोगद्याला द्यायचा नाहीये मला."

बारक्या बरं म्हणाला. आणि ते म्हणताना त्याच्या डोक्यात चाललं होतं, की तारेचं शेवटचं टोक हेल्मेटबाहेर काढून मानेवरून जॅकेटमध्ये सोडलं, तर?

६

तर आवाज आला.

दुपार होती. बोगद्यात त्याच्याशिवाय एक रिकामी बस, तीही निघून गेली. तार पाठीवर गार लागत होती. वळणाच्या अलीकडं खरखर थांबली, वारा आला, इंजिन आलं, आणि मग त्या सगळ्याच्या पुढं, गालाला गाल लावून बोलावं इतक्या जवळून, दादा म्हणाला,

"डावीकडं खड्डा."

बारक्याचा हात आपोआप हनुवटीकडं गेला. आणि वाटेतच थांबला. वहिनीचं बोलणं त्याला आठवलं. उत्तर दिलं की दादा पुढं जाणार. पुढं म्हणजे कुठं, देव जाणे. आणि नाही दिलं, तर?

"डावीकडं खड्डा," दादा म्हणाला. "खड्डा. डावीकडं."

नाही दिलं तर दादा इथंच म्हणत राहणार.

बारक्यानं हात खाली घेतला. डावीकडं बघितलं. रस्ता चांगला गुळगुळीत होता, खड्ड्याचं नाव नाही. म्हणजे हे जुनं कधीचं तरी बोलणं असणार, कुठंतरी अडकून राहिलेलं. तसं असतं का, काकांना विचारलं पाहिजे. तो बोगद्यातून बाहेर पडला, आवाज तुटला. वळून पुन्हा आत शिरला, आवाज आला. मग दुपारभर तो नुसता आत-बाहेर करत राहिला, नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी बोगद्याच्या वळणावर, डाव्या बाजूला, पाइपसाठी रस्ता खणलेला होता. भोवती दोरी, दोरीला लाल चिंधी. खणणारा माणूस फावडं टेकून उभा होता. बारक्यानं विचारलं, हे कधी खणलं. "आज सकाळी," तो म्हणाला. "का, पडलास काय?"

म्हणजे दादा जुनं काही सांगत नव्हता. दादा पुढं होता.

७

त्यानंतर बारक्याचं कामावरचं लक्ष उडालं. कवळ्या उशिरा पोचू लागल्या. एक शिक्षिका म्हणे बिनदातांची वर्गावर गेली आणि मुलांना एक शब्द कळला नाही. एकदा तर दोघांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली. मॅडमनं बारक्याला समोर उभं करून सांगितलं, की तुझ्या दादाकडं बघून गप्प आहे, पण किती दिवस गप्प राहू? बारक्या ऐकून घेई, मान हलवी आणि डबा गाडीला बांधून थेट बोगदा गाठी.

उत्तर द्यायचं नाही, हे त्यानं पक्कं केलं होतं. वळणाच्या अलीकडं कडेला गाडी लावून, हात खिशात घालून बसायचा. पण दादाचा आवाज बदलत चालला. आधी तो नुसता सांगायचा. मग थांबून थांबून सांगू लागला. मग एक दिवस सांगायचं थांबवून त्यानं विचारलं, "आहेस ना रे मागं?"

बारक्यानं ओठ चावला.

"बारक्या? आहेस ना?"

खिशात त्याची मूठ वळली होती. एकदा टकटक केली की दादाचा जीव भांड्यात पडेल. आणि दादा जाईल. एवढं एक सुख देता येत होतं, आणि तेच देववत नव्हतं. उद्या, तो मनाशी म्हणाला. आजचा एक दिवस ऐकून घेतो. उद्या नक्की देतो.

आणि तेवढ्यात कानात वाजलं.

टक.

मग, जराशी रेंगाळून, टक.

बारक्यानं आपले हात पाहिले. दोन्ही खिशात होते.

दादानं मोठा श्वास सोडला. हसला. "आलास होय. मला वाटलं, पडलास की काय. चल." च्यक्. गिअर पडला, इंजिनाचा आवाज पुढं सरकला.

बारक्या आधी घाबरलाच नाही. त्याला राग आला. असा राग, की कानाच्या पाळ्या तापल्या. ती टक त्याची होती. चेनमध्ये सापडलेलं बोट त्याचं होतं, महिनाभर बांधून हिंडला होता तो. आणि कुणीतरी ती उचलून, जशीच्या तशी, रेंगाळण्यासकट वाजवत होतं.

मग त्याला टेम्पोवाला आठवला. दादा थांबला होता, मागं वळून हसत होता, ये, ये म्हणत होता. एकटा असला तरी दादाची सवय काही जायची नव्हती, तो रस्ता सांगतच चालला असणार. आणि त्या दिवशी मागून उत्तर आलं असणार. टक, आणि मग टक. दादाला वाटलं, पोरगं तापातून उठून आलं. म्हणून थांबला. कौतुकानं थांबला.

"दादा," बारक्या ओरडला. बोगद्यात ते दोन्हीकडं घुमलं. "दादा, तो मी नाही. मी इथं आहे. मी काही वाजवलं नाही."

इंजिनाचा आवाज तिथल्या तिथं राहिला. वारा पडला. कानात उरला नुसता दादाचा श्वास.

मग दादा अगदी हळू म्हणाला,

"मग माझ्या मागं कोण आहे?"

८

इंजिन मंद होत होतं. बारक्याला तो आवाज पाठ होता. दादा थांबायला बघत होता. थांबणार आणि पुन्हा मागं वळून बघणार.

"थांबू नकोस," बारक्या म्हणाला. पण दादा असल्या सांगण्यानं ऐकणारा नव्हता. पुढच्यानं सांगायचं, मागच्यानं ऐकायचं. मागं कोण आहे हे कळल्याशिवाय पुढचा पाऊल टाकत नाही.

वळणावरच्या आरशाकडं बारक्याची नजर गेली. फुगीर आरशात बोगदा वाकडा दिसत होता. ट्यूबा, ओल, खड्ड्याची लाल चिंधी. पुढं, जिथं रस्ता आरशाच्या कडेला संपतो तिथं, मागच्या दिव्याचा एक तांबडा ठिपका. आणि त्या ठिपक्याच्या पाठीशी, अगदी चिकटून, दिवा न लावलेली एक गाडी. वर बसलेल्याच्या अंगात बारक्यासारखंच जॅकेट. काचेच्या आत काय होतं ते दिसलं नाही. हात तेवढा दिसला, हनुवटीपाशी उचलून धरलेला, वाजवायच्या तयारीत.

बारक्यानं समोर पाहिलं. रस्ता रिकामा होता.

विचार करायचा तर त्याला कधीच जमला नव्हता. डोक्यात आलं, ते सांगणाऱ्याच्या मागं जातं, मग सांगणारा आपणच व्हायचं, आणि त्यानं केलं. गाडी चालू केली, खड्ड्यापाशीच वळवली, आल्या वाटेला तोंड केलं, आणि काच खाली ओढून, दादाच्या सुरात, दादाच्याच दमानं म्हणाला,

"उजवीकडं खड्डा."

काही नाही. कानात दादाचा श्वास.

"उजवीकडं खड्डा," बारक्या म्हणाला, आणि गाडी पुढं घेतली. "खड्डा. उजवीकडं." पुढच्यानं उत्तर येईपर्यंत म्हणत राहायचं असतं. तो म्हणत राहिला. बोगद्याचं तोंड समोर पांढरं दिसू लागलं. "खड्डा. उजवीकडं. आहेस ना रे मागं?"

टक.

मग, टक.

ही टक पुढून आली नाही. मागच्या डब्यात प्लास्टरचे जबडे एकमेकांवर वाजले, जसे मागं कुणी बसलं की वाजतात.

आणि कानात, लांब, दादाचं इंजिन पुन्हा उठलं. च्यक्. दादाचा श्वास आता मोकळा होता. "मोकळा," दादाचा आवाज आला. जरा नवलानं, आरसा बघून म्हणावं तसा. "मोकळा आहे." मग, नेहमीसारखं थांबून, "मोकळा."

आता दादा उत्तराची वाट बघत होता.

बारक्यानं डाव्या हातानं गाडीची मूठ सोडली, बोट हनुवटीला लावलं. टक. आणि मग, बोट जसं पडतं तसं पडू दिलं. टक.

"पायी आली," दादा म्हणाला. हसला बहुतेक. आवाज लांबत गेला, बारीक होत गेला, आणि मग बोगदा बोगद्यासारखा गप्प झाला.

बाहेर ऊन होतं. बोगद्याबाहेर आजवर त्याला हे आवाज कधी ऐकू आले नव्हते. रेडिओ सुरू झाला, निवेदिका कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचून दाखवत होती, कधी नव्हे इतकी स्वच्छ. रस्त्यावर माणसं होती, भाजीची गाडी होती, शाळा सुटली होती. बारक्यानं निवेदिकेचं बोलणं संपू दिलं. मग, बघावं तरी म्हणून, हलकेच म्हणाला, "वाळू आहे."

टक. टक.

हेल्मेट काढून फेकलं असतं तर ऐकू येणं थांबलं असतं. मागं येणं थांबलं असतं का, ते कळायला मार्ग नव्हता. आणि उत्तर मिळालं नाही म्हणून ते परत फिरलं असतं, बोगद्याकडं, दादाकडं, तर? बारक्यानं गाडीच्या आरशात बघितलं नाही. आरसा हातानं आत वळवून ठेवला. मग आवाज बसू न देता तो एकेक सांगत चालला, खड्डा, गतिरोधक, सिग्नल, आणि प्रत्येक वेळी उत्तर घेऊनच पुढं गेला.

घराचं वळण आलं. गल्लीत वहिनीनं दार उघडं ठेवलेलं इथूनच दिसत होतं. गॅलरीत आई बसली होती. गाडीचा आवाज ओळखून तिनं मान वर केली.

"सरळ," बारक्या म्हणाला. आणि उत्तराची वाट बघत, वळण न घेता, सरळ निघाला.